तेलावर धूळ बसायला हवी

डार्सी,

गाडी मी नेली आहे, शोधू नकोस. तुझ्या आईच्या सीटपुढे, पायाखाली गंजून पडलेलं भोक अखेर बुजवलं. गंज घासून काढला, कपडे वाळवायच्या जुन्या ड्रायरचा पत्रा कापून रिव्हेटने बसवला. "ग्रँट, ही गाडी आहे का होडी?" असं ती दर हिवाळ्यात ओले मोजे पिळत विचारायची, आणि मी "उद्या करतो" म्हणायचो.

पुन्हा गंजू नये म्हणून आज खालून सगळीकडे तेल मारलं. त्यावर धूळ चिकटली की बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने ते लवकर धुऊन जात नाही, म्हणून बर्फ पडायच्या आत गाडी कच्च्या रस्त्यावर फिरवायची आहे. आपल्याकडे आता सगळीकडे डांबर झालंय. कच्चा रस्ता उरलाय तो एकच, दफनभूमीकडे जाणारा. पाच रविवार तू "चला ना बाबा" म्हणालीस आणि मी दरवेळी काहीतरी काम काढलं. आजचं काम तिकडेच आहे.

वाटाण्याचं सूप शेगडीवर आहे. मला उशीर झाला तर जेवून घे, फोन करू नकोस.

येत्या रविवारी तूही चल. आईच्या जागेवर बस. पाय कोरडे राहतील.

बाबा