स्वप्नातली कुस्ती

प्रिय पैलवान,

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. स्वप्नात कुणीतरी अंगावर धावून आलं म्हणून तू ठोसा हाणलास आणि उशाजवळचा दिवा फुटला, हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. अगदी बाबांवर गेलाय, असं म्हणून मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टिकलं नाही.

आठवतं, बाबा झोपेत कुस्ती खेळायचे? आई दोघांच्या मध्ये लोड ठेवायची आणि आज कुणाला चितपट केलंत म्हणून सकाळी त्यांची फिरकी घ्यायची. रट्टे खाऊनही त्यांच्याच शेजारी निजायचा हट्ट तुझा, म्हणून तर तुझं नाव पैलवान पडलं. पुढे बाबांना वास येईनासा झाला. मग अक्षर बिघडलं. ओळीची सुरुवात ठसठशीत आणि शेवटाला नुसत्या मुंग्या. कागद वाचवताय का, म्हणून आई चिडवायची. हात थरथरायला लागला तेव्हा कुठे डॉक्टरांनी कंपवाताचं नाव घेतलं.

आता माझं कामच ते आहे. आमच्या प्रयोगशाळेत लोक डोक्याला तारा लावून झोपतात आणि त्यांच्या झोपेचे आलेख मी वाचते. स्वप्न पडत असताना मेंदू हातापायांना कुलूप घालतो. काहींचं ते कुलूप सैल होतं. त्यांच्या बायका आम्हाला हसत हसत काळेनिळे दंड दाखवतात. काही वर्षांनी त्यातले बरेच जण परत येतात, तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं बायकोने लावलेली असतात. सगळेच नाही, असं मी स्वतःला सारखी बजावते आहे.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे आले होते, तेव्हा शेगडीवर दूध करपलं. धूर दिसेपर्यंत तू शेजारीच उभा राहून माझी थट्टा करत होतास. सर्दी असेल, असं मी मनाला समजावलं. सर्दी नव्हती तुला.

मला भीती वाटते आहे रे. आमच्या प्रयोगशाळेत एक रात्र झोपायला ये, खाट राखून ठेवली आहे. हे थांबवणारं औषध अजून नाही, पण बाबांसारखं तुला चाचपडत बसू देणार नाही. आणि त्याआधी एक कर. एरवी फोनवर तास तास बोलणाऱ्या ताईला पत्राचं खूळ कुठून लागलं, असं तुला वाटलं असेल. उत्तर फोनवर नको. एका बैठकीत, हाताने, पानभर लिही. काहीही लिही, हवं तर मला शिव्या घाल. अक्षराकडे तू बघू नकोस. ते मी बघेन.

तुझीच,
ताई