पुट्टीत बसवलेला बोल्ट

ठोंब्या,

चिठ्ठीवर ठेवलेला बोल्ट ओळखलास का? तुझ्या आजोबांच्या गाडीत, मागच्या सीटला तू जो नवा पट्टा लावलास, त्याचा आहे. मी सहज बसून पाहिलं, पट्टा लावला आणि शिंकले. बोल्ट माझ्या मांडीवर! ही थाप नाही, जाऊन भोक बघ. तळाचा गंजका पत्रा कापायचा सोडून तू त्यात रद्दी कोंबलीस, वर पुट्टी थापलीस आणि काळा रंग फासलास. शी! किळस आली मला.

याच गाडीतून आम्ही पुराची नदी ओलांडली होती. मासे काचेला नाक लावून आत बघत होते, पण थेंबभर पाणी आत आलं नाही. तेव्हा गाडीला तळ होता रे.

"पासिंगला कोण खाली वाकून बघतंय?" असं काल मित्राला फोनवर सांगत होतास. अरे, पासिंगवाला साहेब एकदा बघेल. तुझी लेक रोज बसेल. तिची खुर्ची याच पट्ट्याला बांधणार होतास ना?

गाडीची किल्ली मी नेलीय. वेल्डरकडे चाललेय, त्याला हाताला धरूनच आणते. तोवर सगळी पुट्टी खरवडून ठेव. त्यासाठी माझं चांगलं उलथनं घेशील तर बघ!

तुझ्या बायकोला मी अजून काही बोलले नाही. ते तूच सांग, मी यायच्या आत.

आजी