शाळा सातऱ्यावर आहे

बोरबोडी, ता. मौदा
संक्रांतीनंतरचा शनिवार

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू बोललीस आणि मी ऐकलं. आता मी बोलते, तू ऐक. माझं वाक्य मध्येच तोडायची तुझी खोड डी.एड.पासूनची आहे. कागदापुढे ती चालत नाही, म्हणून हे पत्र. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

आधी शाळेची खबर देते. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या क्रीडा स्पर्धेत आमच्या मुलींनी लंगडीत पहिला नंबर आणला. महामार्गापलीकडच्या मोठ्या शाळेचे सर मला म्हणाले, "एवढ्याशा शाळेनं कमाल केली, बाई." मी म्हटलं, "सर, लंगडीला पाय एकच लागतो, मोठी पटसंख्या लागत नाही." त्यांना ते फारसं आवडलं नाही. सावित्रीबाईंच्या जयंतीला पोरी आयांची लुगडी नेसून आल्या आणि दिवसभर त्यात अडखळून पडत राहिल्या. पण संध्याकाळपर्यंत एकीनंही ते सोडलं नाही. दुसरीतला आयुष वाचायला लागला. आता तो भिंतीवरच्या खताच्या जाहिराती मोठ्यानं वाचत घरी जातो आणि त्याची आजी म्हणते, "बाई, याले आता चूप बसवाची विद्या शिकवा." सव्वीस जानेवारीच्या झेंड्याचा खांब रंगवून झाला. पुढच्या महिन्यात डोळे तपासायला डॉक्टर येणार आहेत. आणि येत्या शुक्रवारी स्नेहसंमेलन आहे. त्याच शुक्रवारी तुमच्या शिक्षण कार्यालयाचं पथक येणार आहे. ही शाळा राहते की त्या मोठ्या शाळेत विलीन होते, ते त्या दिवशी ठरेल. तारीख तुम्ही कळवलीत. संमेलनाची आमची तारीख त्याआधीच ठरलेली होती. ती मी बदललेली नाही.

तू गांधीबागेच्या कापडबाजारात साड्यांच्या गाठोड्यांमध्ये वाढलीस, म्हणून तुला सातरा माहीत नसेल. मिरची तोडून आली की उघड्या मैदानात ताडपत्र्यांवर तिचे ढीग घालतात आणि बायका रांगेनं बसून एकेका मिरचीचं देठ खुडतात. त्या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. हिवाळा लागला की गावातल्या निम्म्या बायका उजाडताच तिकडे जातात आणि दिवस मावळताना परततात. बोटांची आग रात्रभर जात नाही. कितीही तेल चोळलं तरी भाकरी थापताना जीव जातो. माझ्या आईनं हेच काम केलं, म्हणून मला हे कोणी सांगावं लागत नाही. घरी कोणी नाही, म्हणून तान्ही मुलं आयांबरोबर जातात आणि तान्ह्यांना सांभाळायला शाळेतल्या पोरी. दरवर्षी डिसेंबर आला की आमचा वर्ग असा गळतो. दरवर्षी आम्ही घरोघरी फिरून आयांना उपदेश करायचो आणि दरवर्षी त्या मान डोलवायच्या. या वर्षी मी उपदेश बंद केला आणि शाळाच तिकडे नेली.

सातरा शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. कडेला दोन मोठे कडुनिंब आहेत, तिथे आम्ही बसतो. फळा मुकुंद सर सायकलवर बांधून नेतात. चांगला तरुण शिक्षक आहे, कुरकुर करतो पण काम करतो. शाळेत जेवण रांधणारी मीराबाई खिचडीचं पातेलं हातगाडीवर घालून आणते. सातऱ्याच्या मालकाला, गोविंदाला, मी एकच अट घातली. माझ्या वर्गातलं लेकरू मिरचीला हात लावणार नाही. तान्ही आयांच्या नजरेसमोर झोळीत झोपतात, पोरींचे हात मोकळे राहतात आणि पोरी शिकतात. पहिल्या दिवशी मात्र माझी फजिती झाली. मी सावली पाहिली आणि वारा पाहिला नाही. प्रार्थनेच्या दुसऱ्या ओळीला आयुष शिंकला, मग सगळी शाळा शिंकू लागली. पाढे म्हणताना तर 'सात सत्ते' झाल्यावर पुढचं कोणालाच म्हणता येईना. मीही पदराआड शिंकत उभी होते. बायका देठं टाकून हसत होत्या. मीराबाई म्हणाली, "काहून वं बाई, सातऱ्यावरच्या माईची लेक असून वाऱ्याच्या तोंडी बसल्या? माय असती तर लाटणं घेऊन आली असती." दुसऱ्या दिवसापासून आम्ही पलीकडच्या निंबाखाली बसतो. उलट्या वाऱ्याच्या दिवशी फळा उचलून इकडे येतो. आता रोज सकाळी वारा बघणं हे चौथीच्या मुलांचं काम आहे. भूगोल यापेक्षा वेगळा कसा शिकवतात मला माहीत नाही.

शाळेच्या दारावर मी खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवते: शाळा सातऱ्यावर आहे. खाली बाण काढते. डिसेंबरात तुमचं पथक न सांगता आलं. गाडी थांबली, दार वाचलं गेलं, गाडी वळली. अहवालात आलं, 'शाळा बंद आढळली. विद्यार्थी व शिक्षक अनुपस्थित.' त्या एका वाक्यावर विलीनीकरणाचा सगळा प्रस्ताव उभा आहे. बाण कोणाला दिसला नाही म्हणावं, तर तो दाराच्या अर्ध्या उंचीचा आहे. मुकुंद सरांनी तर खाली चालणाऱ्या माणसाचं चित्रही काढलं होतं, ते मी पुसायला लावलं. शाळेच्या दाराला गंमत शोभत नाही.

तुला आपल्या डी.एड.चे सराव पाठ आठवतात? ती महापालिकेची शाळा, तो तळमजल्यावरचा अंधारा वर्ग. मुलांना फळा दिसेना, म्हणून मी त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि तपासनीस सरांनी माझ्या वहीवर शेरा मारला, 'वर्ग सोडला.' गुण कापले. वर म्हणाले, "खेड्यातल्या मुलींना शिस्त कळायला वेळ लागतो." नंतरचा पाठ तुझा होता. तू उठलीस, मुलांची रांग केलीस आणि तुझा सगळा वर्ग त्याच व्हरांड्यात आणून बसवलास. त्यांनी तुझेही गुण कापले. संध्याकाळी तू तुझ्या घरचा डबा माझ्यापुढे ठेवून म्हणालीस, "सत्या, आता आपण दोघीही बेशिस्त." तुमच्या घरी माझ्या पाण्याचा पेला वेगळा असायचा, हे तुला ठाऊक होतं आणि त्याची लाजही वाटायची. त्या संध्याकाळी तू माझ्याच ताटात जेवलीस. मी ज्या नंदूला पत्र लिहिते आहे, ती हीच.

आता फोनवरचं. तू म्हणालीस, "एक साधा अर्ज दे. तब्येत बरी नव्हती, म्हणून त्या दिवशी शाळा बंद ठेवली असं लिही. बाकी मी सांभाळते. तुझ्यावर काही येणार नाही, निवृत्ती नीट होईल, पेन्शन अडणार नाही. उरलेल्या महिन्यांसाठी तुला शहरातली शाळा मिळवून देते." आणि मुलांचं विचारलं तर म्हणालीस, मुलांना बस मिळेल. तुझ्या आवाजात काळजी होती, ते मला कळलं. पण नंदू, ती बस सकाळी साडेनऊला महामार्गावर उभी राहणार. त्या वेळी या मुलांच्या आया देठं खुडत असतात. लेकरांना महामार्गापर्यंत नेणार कोण? पोरगे जातील कदाचित, धावत, ट्रकांच्या मधून. पोरी झोळीपाशी बसतील. लंगडीत पहिल्या आलेल्या पोरी. तुमच्या कागदावर त्याला गळती म्हणतील आणि कारणाच्या रकान्यात लिहितील, पालकांची उदासीनता.

मी अर्ज देणार नाही. माझी तब्येत ठणठणीत होती आणि शाळा भरलेली होती. जे घडलं नाही त्याची माफी मागायचं शिक्षण मी घेतलेलं नाही. पेन्शन अडली तर अडू दे, ती कशी सोडवायची हेही मला माहीत आहे. शाळा समितीचे अध्यक्ष देवाजी, आमच्या शाळेतल्या उन्नतीचे आजोबा, त्यांच्याकडेही विलीनीकरणाच्या ठरावाचा कागद सही करायला आला होता. म्हातारा चौथी शिकलेला, याच शाळेत. कागद आणणाऱ्याला त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "शाळा काय बंडीचा बैल हाय का गा, की कोणीबी यावं न् दावं सोडून न्यावं? सही मले येते, पण इथं नाई येत." कागद तसाच परत गेला. ज्या बायका आजवर शाळेच्या सभेला कधी आल्या नव्हत्या, त्यांनी आता सभाच सातऱ्यावर घेतली. त्यांचं म्हणणं सरळ आहे. पथक आलं तर इथे यावं, आम्ही हातातलं काम ठेवून बोलू. त्यातली एक मला म्हणाली, "बाई, आम्हाले बोलता नाई येत असं त्यायले वाटते. आम्हाले सवड नाई भेटत, येवढंच."

म्हणून संमेलनही सातऱ्यावरच होईल, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. आयांना सुट्टी मिळत नाही, तर संमेलन आयांकडे जाईल. गोविंदा म्हणाला, "ताडपत्री वापरा बाई, पण नाच झाल्यावर झाडून द्याजा, मिरचीत घुंगरू नको." लेझीम आहे, दोन गाणी आहेत आणि एक नाटुकलं आहे. ते मुलांनी स्वतः रचलं आहे. त्यात एक गाडी येते. दोन बाकं, चार मुलं आणि एक चाळणी, एवढ्यात त्यांनी गाडी केली आहे. गाडीत एक म्याडम असते. ती काच खाली करते, दार वाचते, काच वर करते आणि गाडी निघून जाते. म्याडम उन्नती झाली आहे. माझा जुना चष्मा आणि मुकुंद सरांची बॅग घेऊन ती अशी बसते, की बायकांच्या डोळ्यांतून हसून पाणी येतं. मुकुंद सर घाबरले. म्हणाले, पथकासमोर हे नको, पाहुण्यांचा अपमान होईल. मी तालीम पाहिली. त्यात एकही खोटी गोष्ट नाही. मी एक शब्दही कापलेला नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. ती काच, ते वाचणं मुलांनी मनानं रचलेलं नाही. त्या दिवशी देवाजी शाळेच्या ओट्यावर बसले होते, त्यांनी पाहिलं. मला म्हणाले, "म्याडम चांगली होती. तुमचं नाव घेऊन इचारलं, सत्यवतीबाई बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, बऱ्या हायत, हे काय तिथं निंबाखाली शिकवून राहिल्या, चला, दाखवतो. तर म्हणे, नको, उशीर होते." नंदू, तुमच्या कार्यालयात मला नावानं ओळखणारी आणि माझी खुशाली विचारणारी एकच बाई आहे. शुक्रवारच्या पथकाची तू प्रमुख आहेस, हे तू फोनवर सांगितलंस. डिसेंबरच्या गाडीतही तू होतीस, हे सांगितलं नाहीस. ती म्याडम म्हणजे तू, हे गावात कोणालाही माहीत नाही, मुलांनाही नाही, आणि माझ्याकडून ते कळणार नाही. पण तुला आधी न सांगता, तुझ्याच नाटुकल्यासमोर तुला पाहुणी म्हणून बसवणं मला जमणार नाही. यायचं नसेल तर दुसऱ्या कोणाला पाठव, मी समजून घेईन आणि त्याच्याशी भांडेन. आलीस तर तुझ्याशी भांडेन, सगळ्यांसमोर, आणि अहवालातलं ते वाक्य तुझ्याच हातानं खोडून मागेन. नाटुकल्याचा शेवट अजून ठरलेला नाही. मुकुंद सर म्हणतात, शेवटी म्याडमला उतरवा, लोकांना बरं वाटेल. देवाजी म्हणतात, उतरली नव्हती, तर काहून उतरवाची? काल उन्नती माझ्यापाशी आली आणि विचारू लागली, बाई, सांगा ना, म्याडम उतरते का? मी तिला म्हटलं, शुक्रवारी कळेल, तोवर दोन्ही शेवट पाठ करून ठेव.

तुझीच,
सत्या