पिवळ्या रंगातला एक्केचाळीस

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

गाडी आली! तेरा वर्षांची, पांढरी, पेट्रोलवरची. दिल्लीत पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षं आयुष्य, म्हणजे बाईसाहेबांची दोन वर्षं अजून शिल्लक आहेत. तेवढी आम्हाला पुरेत. मला इथं येऊन जेमतेम महिना झाला. रेवती मंत्रालयात नोकरीला, आर. के. पुरमचं हे सरकारी क्वार्टर तिच्या नावावर, आणि मी गुरुग्रामच्या कंपनीत बदली मागून तिच्या घरी आलेला घरजावई, असं ती शेजाऱ्यांना सांगते.

तिला सातवा लागलाय. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बसचे धक्के बंद. वेळेआधी कळा सुरू होण्याची भीती आहे. म्हणून ही गाडी. रेवतीने तिचं नाव ‘मावशी’ ठेवलं. बाळाला एक तरी मावशी हवी म्हणे.

ही वही बाबांच्या हुकमावरून. बाबा, म्हणजे माझे वडील पद्माकरराव, कराडच्या एसटी डेपोत पस्तीस वर्षं मेकॅनिक होते. त्यांचा दंडक असा की गाडीचा आजार, निदान आणि औषध तारखेसकट लिहायचं, आणि वही गाडीतच ठेवायची. लिहितोय, बाबा.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक्’. बाबांना फोन लावून मोबाइल बॉनेटपाशी धरला. ते आवाजावरून निदान करतात. आधी बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने आणि सोड्याने धुवायला लावला. दिवे लख्ख लागले, पण ‘टक्’ कायम. मग म्हणाले, स्टार्टर गेला.

आमच्या सेक्टरच्या मार्केटमागे श्याम नावाचा मेकॅनिक बसतो. त्यानेही तेच सांगितलं. वर असंही, की नवा म्हणून जो मिळतो तो डुप्लिकेट असतो, त्यापेक्षा भंगारातला ओरिजिनल बरा. करोल बागेतून त्याने आणून बसवला. त्यावर पिवळ्या रंगात ४१ लिहिलेलं होतं. एका गाडीचे सुटे केलेले सगळे भाग ओळखू यावेत म्हणून भंगारवाले असा नंबर टाकतात म्हणे. बाबांना मात्र नवा घातला असंच सांगितलं. भंगारातला म्हटलं असतं तर त्यांनी फोनवरूनच कान उपटला असता.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सोमवारी धौला कुआंच्या जाममध्ये इंजिन तापलं. काटा लाल पट्ट्यात, आणि शेजारी रेवती पोट धरून बसलेली. पाणी पुरेसं होतं, फ्यूजही ठीक, पण पंखा फिरत नव्हता. श्यामने पंख्याची मोटर बदलली. तीन दिवसांनी, म्हणजे आज, पेट्रोलचा पंप बंद पडला, तोही बदलला. प्रत्येक दुखणं मला बरोबर सापडतं, त्यामुळे मनातून मी जरा खूशच आहे. रेवती म्हणते, तू कॉम्प्युटर सोड आणि श्यामकडे नोकरीला लाग.

मोटरवर ४१. पंपावरही ४१. एकच गाडी मोडली असेल, त्यात नवल ते काय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

डेपोत आज हत्यारांची पूजा असते, बसला झेंडूच्या माळा घालतात. बाबांशिवायची माझी ही पहिलीच खंडेनवमी. पाना, जॅक, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडले. मग बॉनेट उघडून स्टार्टर, पंखा, जिथं जिथं हात पोचला तिथं हळदकुंकू वाहिलं. नेमकं त्या पिवळ्या आकड्यांवरच, कारण बाकी सगळीकडे तेलकट होतं आणि कुंकू चिकटत नव्हतं. रेवतीने ओवाळलं आणि म्हणाली, मावशे, आता तू घरची झालीस.

खूप बरं वाटलं. फोटो बाबांना पाठवला नाही, आकडे दिसले असते.

५ ऑक्टोबर, रविवार

गाडी डावीकडे ओढते. टायरमधली हवा तपासली, अलाइनमेंट केलं, तरी ओढते. श्यामने स्टिअरिंगचा रॅक बदलला. रेवतीच्या सीटच्या पट्ट्याचं लॉक अडकत होतं, तेही बदललं. दोन्हींवर ४१. अडकणं तर वाढलंच. आज घरी आल्यावर तिला वीस मिनिटं उठता येईना. मी खटपट करत होतो, ती हसत होती. मग हसायची थांबली.

बाबांना फोन लावून इंजिन ऐकवलं. त्यांनी विचारलं, गाडीत कोण बाई रडतेय? रेवती वर घरात होती. गाडीत कुणी नव्हतं.

मग खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं होतं, रागावतील. रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, आमच्या डेपोत भंगारातल्या बसचा भाग दुसऱ्या बसला लावताना आधी जुना नंबर घासून काढायचा, हा नियम होता. साहेबांचा नव्हे, आमचा. नंबर राहिला तर जुनी गाडी नव्या गाडीत येते. आणि तू तर त्याला कुंकू लावलंस? ज्याला कुंकू लावलं त्याला घरात घेतलं, सुधन्वा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

थिनरने आकडे घासले. बोटांची सालं गेली, पण आकडे गेले. सकाळी पाहिलं तर पुन्हा तिथंच. पिवळे, आणि वर माझंच कुंकू, ओलं.

नवीन भाग मागवले, अगदी कंपनीचे, पक्क्या बिलाचे. श्याम दोन तास झटला. स्टार्टरचे बोल्ट जुळेनात, पंखा बसेना. “सेम पार्ट है भैया, फिर भी नहीं बैठ रहा,” म्हणाला. जुने परत घातले, ते हात लावताच बसले. नंतर त्याने हात पुसले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की ही गाडी आता माझ्याकडे आणू नका.

मी मूर्ख आहे. दुरुस्ती म्हणून मी एक गाडी काढून तिच्या जागी दुसरी जोडत होतो. ती मागत गेली आणि मी देत गेलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

करोल बागेत गेलो. दुकानाचे मालक अंबादास म्हणून वयस्क गृहस्थ, चाळीस वर्षं दिल्लीत, मूळचे नांदेडचे. मराठी ऐकून चहा मागवला. एक्केचाळीस म्हटल्यावर चहा तसाच राहिला.

हायवेवरची गाडी. नवराबायको होते. ब्रेक लागेनात, तेव्हा नवऱ्याने दार उघडून उडी मारली. तिचा पट्टा सुटेना. गाडी तिला घेऊन पुढे गेली आणि उभ्या ट्रकवर डावी बाजू घासत गेली. उजव्या बाजूला ओरखडासुद्धा नव्हता. बाई गरोदर होती. पट्टा लोकांनी कापून काढला. नवरा अजून आहे म्हणे, कुठे ते माहीत नाही.

परत घ्या म्हणून हात जोडले. त्यांनीही जोडले. म्हणाले, बाळा, काढून दिलंस तर घेतो. पण निघतंय का?

रेवतीला यातलं काही सांगितलं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बॅटरी काढून वर बाल्कनीत आणून ठेवली. किल्ली पिठाच्या डब्यात. रेवती आता टॅक्सीने जाते. गाडी खाली मेलेली उभी आहे.

ही वहीही तिच्यातच ठेवतो. वर न्यायला नको वाटतं. आता एवढं लिहायलासुद्धा दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर टाकून बसलोय. रेडिएटर गरम आहे. उन्हाने असेल. गाडी सावलीत आहे.

रेवतीची बाजू — सीट जरा मागे सरकलीय. पोटाला जागा लागावी तेवढी.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

दुपारचे दोन-अडीच. अक्षर हलतंय. जो कुणी वाचेल त्याने हसू नये.

सकाळी अकराला रेवतीला रक्त जायला लागलं. अजून पावणेदोन महिने बाकी आहेत. टॅक्सी एकही नाही, सगळी दिल्ली खरेदीला बाहेर पडलीय. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, एक घंटा, ज्यादा भी लग सकता है। शेजारी गावाला गेलेले. रेवती म्हणाली, आपली गाडी आहे ना रे. तिला काय सांगू? रक्त थांबत नव्हतं.

तिला हाताला धरून खाली आणलं, पायरीवर बसवलं, बॅटरी आणायला वर गेलो. पाच मिनिटं. फार तर सहा.

खाली आलो तेव्हा ती पुढच्या सीटवर होती. पट्टा लावलेला. म्हणाली, तू चालू करून गेलास ना, म्हणून बसले. बॅटरी माझ्या दोन्ही हातांत होती आणि इंजिन चालू होतं.

पट्टा सुटला नाही. भाजी चिरायची सुरी आणून कापायला लागलो, सुरी मोडली. गाडी हळूहळू सरकायला लागली. मी आत उडी मारली. दुसरं काय करणार होतो?

हॉस्पिटल उजवीकडे होतं. गाडी डावीकडे वळली.

आता हायवे. मानेसर मागे पडलं असावं. मी लिहितोय, म्हणजे माझे हात स्टिअरिंगवर नाहीत. धरून काही उपयोग नाही. ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभा राहिलो, काही नाही. फोन लागतो, पण पलीकडून आमच्याच इंजिनचा आवाज येतो. काच चार बोटं उघडते. वही त्यातून टाकणार आहे. पांढरी गाडी, जयपूरच्या दिशेने. कुणीतरी अडवा. बाई गरोदर आहे. गाडी अडवा —

रेवती दातांनी पट्टा —

वेग वाढतोय. पुढे ट्रक —

माझं दार उघडलं. आपोआप. माझं एकट्याचं. पूर्ण उघडं आहे आणि त्या क्षणी गाडी हळू झाली. उतरता येईल इतकी हळू. ती रेंगाळतेय. माझ्यासाठी रेंगाळतेय. वाट बघतेय.

रेवतीने पाहिलं. म्हणतेय, उतर. सुधन्वा, तू तरी उतर रे.

दार लावून घेतलं. पुन्हा उघडतंय. एका हाताने ओढून धरलंय, दुसऱ्याने लिहितोय —

वही सापडली तर कराडला कळवा, पद्माकर, एसटी कॉलनी. बाबांना सांगा, दार उघडं होतं. मी उतरलो नाही —