शिकस्त

नारायण पेठ, पुणे
१२ ऑगस्ट २००४

प्रिय सबीहा,

आधी सवयीने 'चि. सौ.' लिहिलं आणि मग कागद बदलला. सुनेला पहिलंच पत्र, तेही लग्नाला दोन वर्षं होऊन गेल्यावर. वडीलकीचा मान कुठल्या हक्काने घ्यायचा? हे पत्र पडूनच वाच, उठून बसू नकोस. आनंदकडून वाचून घेऊ नकोस. शाळेत मराठीत तू पहिली यायचीस, असं तो कौतुकाने सांगायचा, म्हणजे माझं अक्षर तुला लागेल.

घरात आता आम्ही दोघंच. आनंदच्या बाबांचं आयुष्य सरकारी भाषांतर कचेरीत गेलं. इंग्रजी कायद्यांना मराठी शब्द शोधता शोधता मराठीत मुरलेल्या फारसी-अरबी शब्दांचा त्यांना राग यायला लागला. चष्म्याला ते उपनेत्र म्हणायचे. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात शाई आणायला गेले आणि विचारलं, "मसी आहे का?" दुकानदार मान वर न करता म्हणाला, "मसी संपली. शाई आहे, चालेल?" आनंद तेव्हा दहावीत होता, हसून हसून तो पायरीवरच बसला. बाबाही हसले होते, हे तुला सांगायलाच हवं. तू त्यांना पाहिलंस ते एकदाच, आणि तेव्हा ते हसणारे राहिले नव्हते.

लग्नाआधी तुझे अम्मी-अब्बा विश्रांतवाडीहून आमच्याकडे आले होते. बाबा खिडकीपाशी बसून होते, चहालाही वळले नाहीत. निघताना अम्मींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "कभी हमारे गरीबखाने पर भी आइए." दार लागल्यावर बाबा म्हणाले, "गरिबांसाठी काही चालवतात वाटतं. पावती फाडायला बोलावलं असेल." गरीबखाना म्हणजे नम्रपणे आपलंच घर, एवढं मलाही कळलं होतं, पण मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

तुम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलंत, कंपनीने हैदराबादला बोलावलं, गेलात. त्यानंतर बाबा मला टोकेनासे झाले. मी चष्मा म्हणू दे, बाजार म्हणू दे, त्यांचं लक्षच नसतं. जन्मभर त्या टोकण्याचा मला वैताग होता. आता एखाद्या संध्याकाळी मी मुद्दाम म्हणते, "अहो, हवा जरा खराब आहे, दुकानात जाताय तर मफलर बरोबर असू द्या, उगाच तब्येत बिघडायची." ते वर्तमानपत्राचं पान उलटतात. जिन्यात भेटतात ती माणसंही आमच्याच वयाची. सगळ्यांची मुलं कुठल्या तरी कंपनीत, कुठल्या तरी शहरात. "काय म्हणतो आनंद?" "मजेत." एवढं झालं की दोन्हीकडची दारं लागतात. सुनेचं नाव काय, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

दुपारी ते झोपले की मी त्यांच्या कपाटातले कोश काढून बसते. वेळ जावा म्हणून सुरू केलं, मग नाद लागला. रजा या शब्दाचा मुळातला अर्थ संमती, हे तुला ठाऊक असेल, मला नव्हतं. आपण राजी होतो तेही त्याच कुळातलं. आणि ज्याला आपण राजीनामा म्हणतो तो तुमच्याकडे, उर्दूत, समेटाचा कागद! इकडे सोडून जाण्याचा, तिकडे जुळवून घेण्याचा. गरीब म्हणजे मुळात परका, घरापासून लांब पडलेला. हे वाचलं त्या दिवशी मी कोश मिटला आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. माझं तर घर इथेच आहे, सगळं आयुष्य याच घरात गेलं, तरी तो अर्थ वाचताना कोणी आपल्याला नावाने हाक मारल्यासारखं वाटलं. हे सांगावं असं इथे कोणी नाही. तुला सांगावंसं कितीदा वाटलं. आनंद फोन करायचा तेव्हा मागे भांड्यांचा आवाज यायचा, मला वाटायचं, ही सबीहा. पण फोन दे म्हणायचं धाडस झालं नाही.

सोमवारी दुपारी त्याचा फोन आला तेव्हा मागे काहीच आवाज नव्हता. म्हणाला, "आई, मुलगी होती. डॉक्टरांनी शिकस्त केली गं." फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही. मी वेड्यासारखी कपाटाकडे गेले आणि तो शब्द काढला. आपण शिकस्त म्हणतो ती प्रयत्नांची. तुमच्याकडे शिकस्त म्हणजे हार. पोरगं एका शब्दात दोन्ही सांगून गेलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मग रडले. बाबा उठून आले, मी त्यांना सगळं सांगितलं, आठवा महिना संपत आला होता तेही. तुला दिवस गेलेत हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते पायांत चपला घालून बाहेर पडले. परतले ते स्टेशनवरून. हातात हैदराबादच्या गाडीचं एकच तिकीट. मी म्हटलं, "एकच?" ते म्हणाले, "मी कुठल्या तोंडाने येऊ?"

सबीहा, मी येते आहे. बुधवारी सकाळी पोचेन. आजारी अब्बांना सोडून अम्मींना निघता येत नाही, हे आनंदने सांगितलं. बाळ हाती नसलं तरी तू बाळंतीण आहेस, हे लक्षात ठेव. अंगाला तेल लावीन, शेक देईन, गरम गरम भात कालवून भरवीन. माझ्याशी बोलायला हवं असं मुळीच नाही. काल रात्री जेवताना बाबांनी एवढंच विचारलं, "तिचं नाव ठेवलं होतं का त्यांनी?" मला सांगता आलं नाही. ठेवलं असलं तर मला सांग. कुठल्या का भाषेतलं असेना, मला त्यांना ते कळवायचं आहे.

तुझीच,
(आई म्हणायचं की आणखी काही, ते तू ठरव)
श्यामला