कालप्रवाह आणि अर्धा कप चहा

४ जानेवारी, सकाळ
गृहराज्यात अनागोंदी माजली आहे, त्याची नोंद कुठेतरी असावी म्हणून लिहितो. हल्ली मला चहा अर्धाच कप मिळतो. कारण विचारलं. बायको म्हणाली, संपला की पुन्हा मागा, कुणी नाही म्हटलंय. मागणं माझ्या रक्तात नाही. काटकसरीचं हे खूळ मेहुणीकडून आलेलं असणार. असो. आपण मोठ्या कार्याला निघालो आहोत, तेव्हा क्षमा.
कार्य: रविवार पुरवणीत लेखमाला, युगायुगांच्या हस्तकलेवर. संपादक (वयाने माझ्या भाच्याएवढा) म्हणाला, सर, नुसतं बघून लिहू नका, प्रत्येक प्रकार हाताने करून बघा. म्हटलं, त्यात काय, चौसष्ट कला मला पाठ आहेत. येतात असं म्हटलेलं नाही.
संकल्प: प्राचीन काचचित्रापासून आजच्या मिक्स्ड मीडियापर्यंत सगळ्या शैली एकाच फलकावर. चार फूट बाय तीन. नाव ‘कालप्रवाह’. नाव उत्तम जमलंय. आता फक्त करायचं राहिलं.

७ जानेवारी
म्युझियम. मण्यांचं एक जुनं भरतकाम. डावीकडे टाके पट्टीने आखल्यासारखे, उजवीकडे येईतो भरकटलेले. तिथल्या गाइडबाईंना म्हटलं, बघा, इथे कारागीर नियमांतून मुक्त झाला, शैली बदलली. त्या म्हणाल्या, शैली नाही हो, वय बदललं. बारा वर्षं चाललेलं काम, शेवटी हात थरथरायला लागला होता.
कल्पनाशक्तीचा दुष्काळ. लेखात शैलीच लिहिणार.

१२ जानेवारी
काचचित्र. चिमटा सदोष, काचेचा तुकडा जागेवर टेकेना. दुकानात जाऊन बदलला. दुसराही सदोष. दुकानदाराने त्याच चिमट्याने मोहरीएवढे तीन मणी उचलून दाखवले. काही लोकांना प्रदर्शनाची हौस असते.
प्राचीन काळ वगळला. फलक आता दोन बाय दीड. आटोपशीरपणा हाही गुणच.

१९ जानेवारी
भरतकाम. सुयांची नेढी हल्ली फार लहान करतात. बायकोने दोरा ओवून दिला, न सांगता. सकाळी शर्टाची बटणंही तिनेच लावली, तीही न सांगता. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे प्रेम. बरं वाटलं.
टाके सहा. त्यातले दोन बोटाला.

२३ जानेवारी
कलावर्ग. बाईंनी माझं रेखाटन बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, रेषेला कंप आहे. मी आभार मानले. समजावून सांगितलं की आमच्या शास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत, त्यांतला हा वेपथु. भावना अनावर झाली की अंग थरथरतं. बाईंनी विचारलं, भावना दोन्ही हातांत अनावर होते की एकाच? इतका मार्मिक प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. म्हटलं, तूर्त उजव्या. त्या म्हणाल्या, घरी सांगितलंत का? काम घरच्यांना दाखवावं असं त्यांचं मत दिसतं. पूर्ण झाल्यावर दाखवू.

२९ जानेवारी
सोन्याचा वर्ख. श्वासानेही उडतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, श्वासही जमेल तेवढा बंद. तरी फाटला. दुसरा फाटला. तिसरा नाकाला चिकटला. खोलीत कुठून तरी वारा येत असणार. बायको दारात उभी होती. म्हणाली, अहो, वारा नाहीये. म्हटलं, तुला काय दिसतंय त्यातलं. म्हणाली, सगळं दिसतंय. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. म्हटलं, गुरुवारी लेख द्यायचाय. म्हणाली, मग वर्ख पुसा आधी, नाक चमकतंय.
‘कालप्रवाह’ आता पोस्टकार्डाएवढा.

३ फेब्रुवारी
संपादकाचा फोन. म्हणाला, सर, यापुढे लेख टाइप करून पाठवाल का, डेस्कवर तुमचं अक्षर कुणाला लागत नाही. पूर्वी किती छान होतं, म्हणाला. अक्षर तेच आहे. वाचणारे बदलले.

५ फेब्रुवारी
बायको बाहेर गेली होती. संधी साधून चहा स्वतः केला. कप काठोकाठ भरला, हक्काचा. ओट्यापासून टेबलापर्यंत आणला. थोडा बशीत, थोडा फरशीवर, उरलेला ‘कालप्रवाह’वर. टेबलाशी पोहोचलो तेव्हा कपात अर्धा होता.
बसून तेवढाच प्यायलो.
वडिलांना शेवटी शेवटी मी अर्धाच कप द्यायचो. तेही चिडायचे, काटकसर म्हणायचे. मी म्हणायचो, संपला की पुन्हा मागा.
बायको आल्यावर फरशी पुसली तिने. मीच विचारलं, उद्या किती वाजता जायचंय.
वडिलांचं असंच उजव्या हातापासून सुरू झालं होतं. मला भीती वाटते.