कपाटाची किल्ली आणि न वाचणारी पिढी

१ जुलै, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मानोऱ्यासारख्या गावात कॉलेजचं ग्रंथालय सांभाळणं काय असतं, हे निदान एका माणसाला तरी कळायला हवं. तो माणूस मीच.
नवं सेशन सुरू. पोरं आली, पंख्याखाली बसली, मोबाइल चार्जिंगला लावले, पाणी पिऊन गेली. पुस्तक एकानेही मागितलं नाही. वाचत नाहीत म्हणून नापास होतात, आणि नापास झाली की ग्रंथालयाला नावं ठेवतात. संकल्प: या कार्ट्यांना वाचायला लावणारच.

३ जुलै
प्राचार्य बबनराव सरांनी बोलावलं. ऑगस्टअखेर तपासणी समिती येणार. रीडिंग हॉल रिकामा दिसला तर तो पोलीस भरतीवाल्या पोरांना व्यायामाला देणार, आणि मी कपाटांसकट जिन्याखालच्या खोलीत. मी म्हणालो, सर, निश्चिंत राहा, हॉल भरून दाखवतो.

४ जुलै
शिस्तीशिवाय वाचन नाही. चार्जिंगचे बोर्ड बंद केले. पंखा एकच चालू, माझ्या डोक्यावरचा. बोलायला बंदी. पुस्तक हवं तर आधी अर्ज: ‘हे पुस्तक का वाचायचे आहे? कारण लिहा.’ कपाटांची किल्ली करदोड्याला बांधली. आता पुस्तकं सुरक्षित.

९ जुलै
पहिली वाचक. रेणू, बी.ए. पहिलं वर्ष, जवळच्या तांड्यावरची. सकाळी आमच्याकडे दूधही तीच घालते. तिला कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजीच्या घराण्याची ती जाड कादंबरी हवी. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वाचावी वाटते.’ हे काय कारण झालं? सिलॅबसमध्ये नाही, असं सांगितलं. शिवाय दिवाळीनंतर तांड्यावरची माणसं ऊसतोडीला जातात, पुस्तकही जाईल. तर म्हणे, "आमी जातो सर, पुस्तक कायले जाईन?"
उलट उत्तरं बरी सुचतात. तिच्या हाती पडू नये म्हणून कादंबरी मीच घरी आणली. आदर्श म्हणून रोज जेवणानंतर वाचणार. खुणेला एसटीचं तिकीट.

१० जुलै
प्रस्तावना सुरू केली. डोळा लागला.

१४ जुलै
चमत्कार! तिकीट बरंच पुढे गेलेलं. म्हणजे अर्धवट झोपेतही माझं वाचन चालू असतं. सवयीचा परिणाम.
एका पानावर हळदीचा डाग. बायकोला झापलं. विजयमाला, वाचत नाहीस तर नाही, निदान फोडणीचे हात तरी लावू नकोस. ती हसली. हसण्यासारखं काय होतं?

२२ जुलै
हॉल रिकामा. शत्रू म्हणजे मोबाइल. हरीओम नावाचा पोरगा लिंबाखाली फोनमध्ये तोंड घालून बसलेला. फोन हिसकावला. म्हणे, "सर, पुस्तकच वाचून राह्यलो. कपाट बंद असते म्हनून याच्यात."
साफ खोटं. पुराव्यासाठी फोन टेबलावर घेतला. पुस्तक होतंही त्यात, पण खाली एक रील लागली, म्हैस ट्रॉलीत बसून लग्नाला निघालेली. मग दुसरी. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा भान आलं. किती घातक यंत्र आहे.

२८ जुलै
कादंबरी टेबलावर नाही. ऑफिसात राहिली असेल. काल पाहिलं तेव्हा तिकीट शेवटच्या पानाशी होतं, म्हणजे वाचून झालीच. बबनराव सरांना सांगूनही टाकलं. ते खूश.

११ ऑगस्ट
सकाळी दूध घेता घेता विजयमाला आणि रेणू दारातच रमल्या. विषय कुणाची तरी सून. विजयमाला म्हणत होती, किल्ल्या सासऱ्यापुढे फेकल्या ते बरंच केलं. रेणू म्हणे, "पन काकू, लेकरं कायले सोडून गेली?"
असेल आळीतली कुणी. वाचन नको, लोकांच्या सुना हव्यात. अशा घरात राहून मी वाचतो, हेच विशेष.

२९ ऑगस्ट
समिती. बबनराव सरांनी तास सोडून पोरं हॉलमध्ये आणून बसवली. मग समितीच्या वैजयंती मॅडमना कौतुकाने म्हणाले, आमचे ग्रंथपाल स्वतः वाचतात, ती जिनिंगवाली कादंबरी नुकतीच संपवली. मॅडमची ती नेमकी आवडती. त्यांनी विचारलं, थोरली सून शेवटी वागली ते पटलं का तुम्हाला?
मी म्हणालो, फार सोशीक बाई.
मागून रेणू उठली. "मॅडम, सोशीक नोती ते. तिनं तिजोरीच्या किल्ल्या सासऱ्यापुढं फेकल्या. मले अर्धं पटलं, काकूले पुरं." मॅडमनी विचारलं, कोण काकू? "सरायच्या घरच्या. त्यायनंच वाचून मले देल्ली."
पिशवीतून कादंबरी काढली. हळदीचा डाग, माझं तिकीट. म्हणे तांड्यावर मोठ्याने वाचून दाखवते. तिच्या आजीला, गोमतीबाईला, वाचता येत नाही, पण पुढचं ऐकल्याशिवाय जेवत नाही. हरीओमसकट बरीच पोरं ऐकायला जातात. ते कळलं, कारण लगेच अख्खा हॉल त्या सुनेवरून भांडायला लागला. बोलायला बंदी आहे, असं मी दोनदा म्हणालो. मॅडम माझ्या कमरेच्या किल्लीकडे पाहत होत्या.

३० ऑगस्ट
हॉल वाचला. मी सांगितलंच होतं. समितीची अट मात्र अशी, की कपाटं उघडी ठेवायची, आणि किल्ली विद्यार्थ्यांकडे. म्हणजे रेणूकडे. करदोड्याची गाठ सुटेना, कात्री मागवावी लागली. सगळी पोरं बघत होती. अपमान माझ्या जिव्हारी लागला, इथे लिहून ठेवतो.

९ सप्टेंबर
हॉल भरलेला. मोठ्याने वाचणं, वाद, हसणं. ग्रंथालय आहे की बाजार? विजयमालाही दुपारी तिथेच असते, त्यामुळे घरी चहा मिळत नाही. माझ्या खुर्चीवर कुणी तरी बसलेलं होतं, आणि वाचत होतं, त्यामुळे उठवताही येईना.
ठरवलं, पुस्तक घ्यायचं. यांना दाखवून द्यायचं. लाइनीत उभा राहिलो, माझाच छापलेला अर्ज खिशातून काढला. कारणाच्या रकान्याशी पेन अडलं.
रेणू म्हणाली, "सर, तो अर्ज आमी बंद केला. तुमी नुसतं पुस्तक सांगा, कोनतं पाह्यजे."
कपाट समोर उघडं होतं. एकही नाव आठवेना. मागे लाइन वाढत गेली.